धारवाल्यांच्या नऊ कोंबड्या

आमच्या गल्लीत धारवाल्यांना नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. सुऱ्या, कात्र्या, विळ्या, न्हाव्याचे वस्तरे, सगळ्यांना ते चाळीस वर्षं धार लावत आले. आधी खांद्यावर चाक घेऊन दारोदार, मग सायकलवर आणि गुडघे कुरकुरायला लागल्यावर घराच्या पुढच्या खोलीत. खोली आठ बाय सहा. मोजलेली आहे, फरशी मीच बसवलेली आहे. भिंतीला दगडी चाक, खाली पायाने दाबायची फळी, वर टांगलेली बाटली. बाटलीतून चाकावर थेंब थेंब पाणी पडतं.

गिऱ्हाईक आलं की ते आधी सुरीकडे बघतात, गिऱ्हाइकाकडे नंतर. धार लावून झाली की पातं अंगठ्याच्या नखावर टेकवतात. पातं नखावर रुतलं तर काम झालं. घसरलं तर परत चाकावर, मग बाहेर कितीही माणसं उभी असोत. अशी माणसं मला आवडतात. काम निम्म्यावर सोडून बोलत बसणारी मला आवडत नाहीत.

मी गवंडी. थापी ठेवून आठ वर्षं झाली, तरी गल्लीत मला अजून मिस्त्रीच म्हणतात. धारवाल्यांची आणि माझी मागची भिंत एक.

त्यांच्या बायकोला मी वहिनी म्हणतो. वहिनी शाळेत शिपाई होत्या. सव्वीस वर्षं घंटा दिली. निवृत्त झाल्या आणि घंटेवाचून करमेना म्हणून त्यांनी परसात कोंबड्या पाळल्या. नऊ. सकाळी खुराड्याचं दार उघडलं की हजेरी घ्यायच्या. पुढे पुढे चालून बाकीच्यांना टोचणारी ती मास्तरीण. ठिपक्यांची ती चितरी. एक लंगडी, दोन जुळ्या, बाकीच्यांनाही अशीच काही ना काही नावं. कोंबडा नव्हता. का नाही, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, घरात एक पुरुष पुरे, तोही बोलत नाही.

गेल्या वर्षी परसात चिखल झाला होता. अंडी काढायला गेलेल्या वहिनी घसरल्या आणि त्यांचा खुबा मोडला. मुलगा दूरच्या शहरात असतो. तो गाडी घेऊन आला आणि त्यांना घेऊन गेला. तिकडे चांगलं हॉस्पिटल, घराला लिफ्ट, सून घरी असते. दोन महिन्यांत परत पाठवतो म्हणाला. धारवालेही जाणार होते, पण कोंबड्यांकडे कोण बघणार? वहिनीच गाडीतून म्हणाल्या की तुम्ही थांबा, नाहीतर माघारी येऊन मी बघू काय.

दोन महिन्यांचे चार झाले, चाराचे सात. कधी व्यायाम संपायचा होता, कधी डॉक्टर परगावी होते, कधी थंडी होती. मुलगा वाईट नाही. आईला जपत होता. आणि जपता जपता एक दिवस म्हणाला की दोघांनीही आता इकडेच राहावं, तिथं आहे काय? वहिनी म्हणाल्या, कोंबड्या आहेत. तेवढं एकच उत्तर त्यांच्याकडे होतं. ते धारवाल्यांनी मला जसंच्या तसं सांगितलं आणि बराच वेळ चाकावर पाणी सोडत बसले. चाक फिरत नव्हतं.

म्हणजे हिशोब सरळ होता. कोंबड्या राहिल्या तर वहिनी येणार. कोंबड्या गेल्या की घराला कुलूप.

वहिनी गेल्यावर महिनाभराने धारवाले माझ्याकडे आले होते. म्हणाले, मिस्त्री, परसात कोबा करून द्या. ती आली की परत घसरायला नको. मी काम सोडलं होतं, पण यांना नाही कसं म्हणणार? अठरा बाय बारा. आधी सगळं परस साफ केलं. भिंतीच्या कोपऱ्यात पत्र्याखाली राख आणि भुसभुशीत माती साठली होती. बंबातली राख वहिनी तिथंच टाकायच्या. तीन घमेली निघाली. मी स्वतः उचलून बाहेर नेऊन टाकली. मग खडी पसरून ठोकली, वर सिमेंट, नाल्याकडे बोटभर उतार. ओला पाय घसरू नये म्हणून वर झाडूच्या बारीक रेघा ओढल्या. दहा दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं. भेग एक नाही. कोंबड्या भिंतीवर बसून बघत होत्या. मला वाटलं, बघतात तर बघू देत, असं काम त्यांनी कुठं बघितलंय.

धारवाले रोज पाच वाजता चाक थांबवून फोन लावत. मी बहुतेक वेळा तिथंच बाकावर असे. वहिनी एकेकीची चौकशी करत, हे एकेकीचं उत्तर देत. मास्तरीण ठीक. चितरी ठीक. लंगडी ठीक. अंडी ठीक. तू घाई करू नकोस, इथं सगळं व्यवस्थित आहे. कधीकधी वहिनी म्हणत, जरा त्यांचा आवाज ऐकवा. मग हे दाण्याच्या ताटलीवर फोन धरून उकिडवे बसत. कोंबड्या टकटक दाणे टिपत आणि दूर त्या शहरात वहिनी ते ऐकत. 

‘ये’ असं मात्र ते कधीच म्हणाले नाहीत. मी एकदा टोकलं. ते म्हणाले, दुखणाईत माणसाला बोलवायचं म्हणजे आपली सोय बघणं झालं. घरात वहिनींच्या चपला दाराशी तशाच होत्या. झाडताना ते त्या उचलत आणि झाडून झालं की त्याच फरशीवर, टाचा भिंतीकडे, ठेवत. दुसऱ्या फरशीवर नाही.

सहाव्या महिन्यात अंडी कमी झाली. कोंबड्या पिसं विस्कटून बसू लागल्या, तुरे फिकट पडले. सारखी चोच बुडाशी. एक दिवस लंगडीला उचलताना धारवाल्यांच्या मनगटावर वाळल्या गवताच्या रंगाचा बारीक किडा पळाला. उवा.

त्यांनी ढेकणांशी लढावं तसं उवांशी लढायचं ठरवलं. खाटेत ढेकूण झाले की खाट उकलायची, उकळतं पाणी फटीफटीत ओतायचं, उन्हात टाकायची. लहानपणापासून हेच बघितलेलं. त्यांनी खुराडं फळी फळी करून उकललं. प्रत्येक फळी घासली, प्रत्येक खाचेत सुरीचं टोक घालून मळ काढला, उकळतं पाणी ओतलं, वाळवून परत जोडलं. तीन दिवस दुकान बंद होतं. असं काम मी कुणाला करताना पाहिलेलं नाही. खुराडं माझ्या स्वयंपाकघरापेक्षा स्वच्छ झालं. मग त्या स्वच्छ खुराड्यात त्याच नऊ कोंबड्या त्याच उवा घेऊन आत गेल्या.

दोन आठवड्यांनी चितरी मेली. सकाळी दार उघडलं तर बाकीच्या बाहेर आल्या, ही आतच. हातात घेतली तर नुसती पिसं, अंग असं नाहीच. त्यांनी तिला जुन्या टॉवेलात गुंडाळलं आणि कुदळ घेऊन परसात आले. उभे राहिले. कुदळ कुठं मारणार? परसात माती कुठं होती? शेवटी गल्लीच्या टोकाला मोकळ्या जागेत जाऊन पुरून आले.

संध्याकाळी पाचला फोन लावला. वहिनींनी हजेरी घेतली. चितरीचं विचारल्यावर हे म्हणाले, आज अंडं दिलं तिनं. मी बाकावरून उठून घरी गेलो. ते ऐकत बसवेना.

दुसऱ्या दिवशी मी जनावरांच्या दवाखान्यात गेलो आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंना घेऊनच आलो. वयाने आमच्या मुलीसारखी, पण हात पक्का. तिनं मास्तरीण काखेत उलटी धरली, शेपटीखालची पिसं फुंकरीने बाजूला केली आणि आम्हाला दाखवलं. उजेड पडताच उवा सैरावैरा पळाल्या. पिसांच्या देठाशी मिठाचे खडे चिकटावेत तसे पांढरे पुंजके होते. त्या लिखा. तिनं विचारलं, आतापर्यंत काय केलंत? धारवाल्यांनी खुराड्याचं सांगितलं. ती हसली नाही, हे तिचं मोठेपण. म्हणाली, या उवा लाकडात राहत नाहीत, कोंबडीच्या अंगावरच जन्मतात आणि अंगावरच मरतात. माणसाच्या अंगावर चुकून चढल्या तरी टिकत नाहीत. तुम्ही तीन दिवस घर धुतलंत, औषध घरमालकिणीला हवं होतं.

पावडर दिली. सगळ्यांना एकाच दिवशी लावायची, एकही सोडायची नाही. पंखांखाली, बुडाशी, पिसांच्या मुळापर्यंत. आपल्या तोंडाला फडकं बांधायचं, कोंबडीच्या डोळ्यांत जाऊ द्यायची नाही. किती दिवस अंडी खायची नाहीत ते डब्यावर लिहिलेलं होतं. आणि दहाव्या दिवशी परत, कारण पावडरने उवा मरतात, लिखा मरत नाहीत. त्या फुटल्या की पिढी नवी.

हे सगळं सांगून झाल्यावर तिनं सहज विचारलं, यांची अंघोळ कुठं होते?

आम्ही एकमेकांकडे बघितलं. धारवाले म्हणाले, कोंबड्यांना अंघोळ घालतात हे मला ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, घालत नाहीत, त्या आपल्या आपण करतात. कोरड्या मातीत, राखेत लोळून. थोड्या उवा कुठल्याही कोंबडीवर असतात, धूळ त्यांना वाढू देत नाही. मग तिनं परसावर नजर फिरवली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

“हा कोबा कुणी केला?”

“मी.”

“काम चांगलंय,” ती म्हणाली. “चिमूटभर धूळ राहू दिली नाहीत.”

माझ्या कामाची इतकी खरी परीक्षा कुणी केली नव्हती. तीन घमेली राख माझ्या डोळ्यांपुढे आली.

त्याच दुपारी मी छिन्नी आणि हातोडा काढला. कोपऱ्यात पत्र्याखाली चार बाय तीनचा चौकोन आखला. धारवाले म्हणाले, थांबा, छिन्नीला धार लावून देतो. लावून दिली. तरी तीन तास लागले. कच्चं काम असतं तर तासात फुटलं असतं. दर घावाला वाटत होतं की एवढं चांगलं करायला कुणी सांगितलं होतं. वीतभर खोल खणलं, कोरडी माती, वाळू आणि चाळलेली राख मिसळून भरली. आठ कोंबड्यांना पावडर लावली, मी धरत होतो आणि धारवाले लावत होते. त्यांना घाई नव्हती. वस्तऱ्याला धार लावावी तसं एकेक पीस उचलून बघत होते.

संध्याकाळी मास्तरीण त्या चौकोनाच्या काठावर येऊन उभी राहिली. मान वाकडी करून बघितलं. उतरली, एका कुशीवर पडली आणि पाय झाडून धुळीचा असा लोट उठवला की आम्ही दोघं खोकत मागे सरलो. मागोमाग बाकीच्या. धारवाले बघत राहिले. म्हणाले, मिस्त्री, हे तिला माहीत असणार. ती रोज तिथंच राख टाकायची. मी सात महिन्यांत एकदाही विचारलं नाही.

आठव्या दिवशी मुलाचा फोन आला. आई इकडे कायमची राहायला तयार झाली होती. रविवारी येऊन तो घर आवरणार, कोंबड्या कुणाला तरी देऊन टाकणार, बाबांना घेऊन जाणार. धारवाले फोन ठेवून माझ्याकडे आले. हातात एक कात्री होती, ती तशीच घेऊन आले होते.

“ती हो म्हणाली,” ते म्हणाले.

मी विचारलं, का? मुलाने सांगितलं होतं तेच त्यांनी सांगितलं. आई म्हणाली की तिथं माझ्यावाचून काही अडत नाही. कोंबड्यासुद्धा मजेत आहेत.

मी फार बोलणारा माणूस नाही. पण त्या दिवशी बोललो. म्हणालो, तुम्ही सात महिने रोज पाच वाजता तिला हेच सांगताय. अडत नाही, घाई करू नकोस, सगळं व्यवस्थित. ऐकून ऐकून तिला पटलं. यात तिचं काय चुकलं? त्यांनी कात्री उघडली, मिटली. मग म्हणाले, तिला काळजी नको म्हणून सांगत होतो. मी म्हटलं, काळजी नको असलेलं माणूस ताटलीवर फोन धरायला सांगेल का?

दहाव्या दिवशी पावडरचा दुसरा हात होता. आम्ही तोंडाला फडकी बांधून परसात बसलो. लंगडी माझ्या मांडीवर उलटी. पाच वाजले. धारवाल्यांचे हात पावडरने माखलेले, म्हणून फोन खुर्चीवर ठेवला आणि आवाज मोठा केला.

वहिनींनी हजेरी सुरू केली. मास्तरीण?

“अगं, उवा झाल्यात,” धारवाले म्हणाले. “सगळ्यांना.”

 मग वहिनींचा आवाज बदलला. शाळेत उशिरा येणाऱ्यांशी बोलायच्या तसा.

“कधीपासून?”

“दोन महिने झाले.”

“आणि मला आज सांगताय? शेपटीखाली बघितलंत?”

“बघितलं. डॉक्टर येऊन गेल्या. आज दुसऱ्यांदा पावडर लावतोय.”

“पंखाखाली? दोन्ही? लंगडीच्या डाव्या पंखाखाली बघा, तिची चोच तिथं पोचत नाही.” मग थांबून, “पण राखेत लोळत असताना एवढ्या झाल्या कशा?”

धारवाल्यांनी माझ्याकडे बघितलं. मी लंगडीकडे बघितलं.

“राख नाही,” ते म्हणाले. “कोबा केला. तू घसरू नयेस म्हणून.”

“कुणी?”

“मिस्त्रींनी.”

“आहेत का तिथं?”

मी म्हटलं, आहे वहिनी. त्यांनी मला जे ऐकवलं ते सगळं इथं लिहीत नाही. थोडक्यात, माणसानं घर बांधावं पण आधी घरात कोण राहतं ते विचारावं, असा मुद्दा होता. तो बरोबर होता. कोपरा फोडून परत राख भरल्याचं मी सांगितलं, तेव्हा किती बाय किती असं विचारलं. चार बाय तीन म्हटल्यावर म्हणाल्या, आठ-नऊ जणींना पुरेल.

मग त्यांनीच हळू आवाजात विचारलं, “चितरी?”

धारवाल्यांनी पावडरचा डबा खाली ठेवला. कोंबड्यांची कुरकुर चालू होती, तेवढीच ऐकू जात असेल. मग वहिनी म्हणाल्या की त्या दिवशी तुम्ही अंडं दिलं म्हणालात तेव्हाच मला वाटलं होतं. दर वर्षी त्या सुमाराला ती खुडूक असायची. खुडूक कोंबडी अंडी देत नाही.

“मला जमत नाही गं,” धारवाले म्हणाले. “तू नसलीस की काहीच जमत नाही. कोंबड्या तर नाहीच.”

चाळीस वर्षांच्या शेजारात मी त्यांना एवढं बोलताना ऐकलेलं नव्हतं. मी लंगडीला घेऊन उठलो आणि भिंतीकडे तोंड करून तिचा डावा पंख उचलला. वहिनी म्हणाल्या होत्या तसंच होतं. लिखांचा जाड पुंजका, पहिल्या वेळी आमच्या नजरेतून सुटलेला.

फोनवर आता वहिनी एकट्याच बोलत होत्या. खुराड्यातलं गवत रोज बदला. जाळा, टाकू नका. पंधरा दिवसांनी परत तपासायचं, आणि ते मी तपासणार. तुमच्यावर सोडलं तर आणखी एखादी जाईल.

रविवारी मुलगा आला, पण घर आवरायला नाही. वहिनींना घेऊन आला. गाडीतून उतरवताना तो सगळ्यांना सांगत होता की आई फक्त बघायला आली आहे, संध्याकाळी आम्ही परत निघणार. म्हणून त्यानं एकच पिशवी आत नेली, तीत औषधं होती. वहिनींनी भरून आणलेली कपड्यांची पिशवी गाडीतच ठेवली. वहिनी बारीक झाल्या होत्या. हातात चार पायांची काठी. कोब्यावर ती काठी टेकवून त्यांनी एकदा जोर देऊन बघितला. घसरली नाही. माझ्याकडे बघून म्हणाल्या, काम चांगलं आहे. डॉक्टरीणबाईंनंतर हे दुसऱ्यांदा ऐकलं, पण या वेळी बरं वाटलं.

मग धारवाल्यांकडे खुर्ची मागितली. त्यांनी ती पत्र्याच्या सावलीत ठेवली, उचलली, उजेडाकडे तोंड करून परत ठेवली. मग एकेक कोंबडी पकडून त्यांच्या मांडीवर देऊ लागले. वहिनी पिसं उलटी करून फुंकर मारत. धारवाले शेजारी उकिडवे बसून बॅटरीचा उजेड धरत. दोघांची डोकी जवळ जवळ टेकत होती. तिसऱ्या कोंबडीपाशीच वहिनींना कळलं होतं की अंगं स्वच्छ आहेत. तरी त्या आठही जणींना तपासत राहिल्या, एकेक पंख, सावकाश. त्यांनी उजेड इकडे म्हटलं की हात इकडे, तिकडे म्हटलं की तिकडे. सुरीकडे आधी बघणारा हा माणूस कोंबडीकडे एकदाही बघत नव्हता.

चार वाजले. मुलाने घड्याळ बघितलं. म्हणाला, आई, निघायला हवं, पोचायला उशीर होईल.

वहिनींच्या मांडीवर लंगडी होती. त्यांनी मान वर केली नाही.

“हिचा डावा पंख पंधरा दिवसांनी परत बघायचाय,” त्या म्हणाल्या. “तो मला बघायचाय.”

मुलाने लंगडीकडे बघितलं. बापाकडे बघितलं. धारवाल्यांनी उजेड लंगडीच्या डाव्या पंखावर धरला होता. मग तो बाहेर गेला. गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला, लावल्याचा आला. आणि तो कपड्यांची पिशवी घेऊन आत आला.